काल्पनिक भाषेसाठी लिपी: अक्षरे जमली, वळण जमत नाही

लव्हाळे (प्रश्न)

नमस्कार. एका दीर्घकथेच्या निमित्ताने गेली तीन वर्षे मी एक काल्पनिक भाषा रचत आहे. नदीच्या मुखाजवळच्या दलदलीत, खांबांवर उभारलेल्या घरांत राहणाऱ्या लोकांची ती भाषा आहे. हे लोक झाडाची साल अरुंद पट्ट्यांत सोलतात, सुकवतात आणि तिच्यावर बोरूसारख्या काडीने लिहितात. व्याकरण बऱ्यापैकी उभे राहिले आहे आणि शब्दसंग्रह ६४० शब्दांपर्यंत पोहोचला आहे. घोडे अडले आहे ते लिपीपाशी.

भाषेत १६ व्यंजने आहेत: प, त, क, ब, द, ग, म, न, ङ, फ, स, ह, आणि र, ल, व, य. स्वर ५ आहेत: अ, इ, उ, ए, ओ. अक्षराच्या शेवटी म, न, ङ, र आणि स एवढीच व्यंजने येऊ शकतात.

लिपी मी अशी बांधली आहे. प, त, क यांचा पाया एक वर्तुळ आहे. वर्तुळाला वर रेघ जोडली की प, उजवीकडे जोडली की त आणि खाली जोडली की क. त्याच वर्तुळात टिंब दिले की अनुक्रमे ब, द, ग होतात. वर्तुळ अर्धेच काढले की म, न, ङ. आणि एका रेघेऐवजी दोन समांतर रेघा जोडल्या की फ, स, ह. र आणि ल या एकमेकींच्या आरशातल्या प्रतिमा असाव्यात अशा नागमोडी रेघा आहेत. व आणि य यांचेही तसेच. प्रत्येक व्यंजनात अ अंगभूत आहे. इ आणि ए यांच्या खुणा अक्षराच्या वर येतात, उ आणि ओ यांच्या खाली. व्यंजन स्वरहीन असेल तर आपण पाय मोडतो त्याप्रमाणे खाली एक तिरकी रेघ.

वर्णांचा तक्ता म्हणून हे सारे फार नेटके दिसते. परंतु याच लिपीत अर्धे पान सलग लिहिले की ते एखाद्या यंत्राच्या आराखड्यासारखे दिसू लागते. माझ्या एका मित्राने ते पाहून ‘ही गुप्तलिपी वाटते, कोणाच्या हाताची लिपी वाटत नाही’ असे सांगितले, आणि दुर्दैवाने ते मला पटले. पिढ्यान्‌पिढ्या कोणी तरी लिहीत आले आहे असे वळण या अक्षरांना कसे आणावे? अक्षरे आधी ठरवून मग ती टाकाने सुंदर काढावीत, की टाक आधी हातात घ्यावा? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

बोरूबहाद्दर

आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो: टाक आधी. आपण जे वर्णन केले आहे ते पेन्सिलीने आणि कंपासने काढलेल्या आकृतींचे आहे, आणि तसे आपल्या हातून होणे स्वाभाविक आहे, कारण आज आपण सगळेच गोल टोकाच्या, कोणत्याही दिशेला सारख्याच सुखाने सरकणाऱ्या पेनाने लिहितो. बोरू तसा सरकत नाही. बोरूला ओढलेले चालते, ढकललेले चालत नाही. खालून वर ढकलला की तो कागदात अडतो किंवा शाईचे शिंतोडे उडवतो.

म्हणून मी आज एक प्रयोग केला. आइस्क्रीमची लाकडी काडी तिरकी कापून घेतली, साध्या काळ्या शाईत बुडवली आणि आपले प, त, क काढून पाहिले. पहिल्याच अक्षराला लक्षात आले की रुंद टोकाने पूर्ण वर्तुळ एका झटक्यात निघत नाही. ते दोन अर्धांत काढावे लागते: डावा अर्धा वरून खाली, मग पुन्हा वर जाऊन उजवा अर्धा वरून खाली. एवढे एकदा मान्य केले की पुढच्या गोष्टी आपोआप घडू लागतात. प या अक्षराची वरची रेघ वेगळी काढण्याचे कारणच उरत नाही. ती खाली येता येता वर्तुळाचा डावा अर्धा होते. क या अक्षरात उजवा अर्धा संपला की तोच तसाच खाली ओढायचा. त मात्र हट्टी आहे, त्याची उजवीकडची रेघ हात उचलल्याखेरीज निघत नाही. म्हणजे तक्त्यात एकाच कुटुंबातली दिसणारी ही तीन अक्षरे हाताच्या दृष्टीने तीन वेगळ्या जातींची आहेत. हा भेद दडपू नका. लिपीचे वळण याच ठिकाणी सुरू होते.

‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या कादंबरीचे लेखक टॉल्किन यांच्या टेंग्वार लिपीची आठवण येथे काढायलाच हवी, कारण काल्पनिक भाषांच्या लिप्यांत हस्ताक्षर म्हणून इतकी मुरलेली दुसरी लिपी मला माहीत नाही. त्या कादंबरीच्या परिशिष्टात त्यांनी स्पष्ट म्हटले आहे की टेंग्वार ही कुंचल्याने किंवा लेखणीने लिहिण्यासाठी घडली आणि तिची शिलालेखांतली चौकोनी रूपे हस्ताक्षरावरून आली. याउलट किर्थ ही त्यांची दुसरी लिपी कोरण्यासाठीच होती, म्हणून ती कोनदार. युरोपातल्या रून लिपीतही लाकडाच्या शिरांना समांतर जाणाऱ्या आडव्या रेघा टाळलेल्या दिसतात, कारण तशी रेघ शिरांत हरवते. म्हणजे टॉल्किन यांनी प्रत्येक लिपीसाठी आधी हत्यार ठरवले आणि मग आकार.

हत्याराचा कापही ठरवावा लागेल. देवनागरीसाठी बोरू रोमन लिपीच्या उलट बाजूला तिरका कापतात, आणि त्यामुळे जाड-बारीकाची सगळी वाटणी उलटते. रोमन ‘ओ’ सर्वांत बारीक होतो तो डावीकडे वर आणि उजवीकडे खाली. आपल्या ठ चा गोल बारीक होतो तो उजवीकडे वर आणि डावीकडे खाली. कापाचा कोन तेवढा बदला, तीच अक्षरे दुसऱ्या देशाची वाटू लागतील. आपल्या दलदलीतल्या लोकांचा काप कोणता, हे एकदा ठरवा आणि मग ते कधीही मोडू नका. अक्षराची उंची टाकाच्या रुंदीत मोजा. रोमन लहान अक्षराच्या (स्मॉल लेटरच्या) मधल्या भागाला टाकाच्या चार ते पाच रुंदी देतात. दहाव्या शतकात बगदादमध्ये सुलेखनकार इब्न मुक्ला यांनी अरबी अक्षरांची मापे कलमाने उमटणाऱ्या चौकट-टिंबात बांधून दिली. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाच्या पहिल्याच समासात लेखनाविषयी जे सांगितले आहे, त्यातही पहिल्या अक्षरापासून ग्रंथ संपेपर्यंत सारे एकाच टाकाने लिहिल्यासारखे वाटावे अशी अपेक्षा आहे. ती अपेक्षा आपल्या अर्ध्या पानाला लावून पाहा.

आता पट्ट्यांविषयी. साल अरुंद पट्ट्यांत सोलली जाते असे आपणच लिहिले आहे. अरुंद पट्टीवर डावीकडून उजवीकडे तीन अक्षरे मावतील आणि ओळ संपेल. चीनमध्ये बांबूच्या पट्ट्यांवर एकेक उभी ओळ वरून खाली लिहीत. आपले लोक तसेच लिहीत असतील, तर वर आणि खाली दिलेल्या स्वरखुणा शेजारच्या अक्षरांवर आदळतील. त्या बाजूंना न्याव्या लागतील. पट्टीची रुंदी एकदा प्रत्यक्ष कापून, समोर ठेवून लिहा. माझ्या मते निम्मे प्रश्न तिथेच सुटतील.

कंठतालव्य

बोरूबहाद्दर यांच्याशी मी सहमत आहे; ध्वनींच्या बाजूने थोडी भर घालतो.

आपली मांडणी आपल्याला इतकी सहज का सुचली, याचे कारण आपण क ख ग घ ङ गिरवत मोठे झालो हे आहे. मराठी माणसाने काल्पनिक लिपी रचली की तिच्यात वर्ग येतातच. टेंग्वारचा तक्ता पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला घरी आल्यासारखे वाटले होते, कारण तिथेही मूळ २४ अक्षरे चार स्तंभांत आणि सहा ओळींत बसवली आहेत: स्तंभ उच्चारस्थानाचे, ओळी प्रयत्नाच्या, म्हणजे ध्वनी कसा काढला जातो त्याच्या. दंड आणि पोट एवढ्या दोनच अवयवांतून सारे घडते. पोट दुप्पट केले की अघोषाचा घोष होतो, जसा प चा ब. दंड वर उचलला की स्पर्शाचा घर्षक होतो, जसा प चा फ. दंड आखूड करून पोट दुप्पट ठेवले की अनुनासिक. आपली वर्णमाला उच्चारांची इतकी शिस्तशीर मांडणी करते, पण अक्षरांच्या आकारांत ती शिस्त अजिबात उतरलेली नाही. ग आणि घ यांच्या आकारांत कोणतेही नाते नाही. टॉल्किन यांनी ते नाते आकारातही आणले.

आणि याच गोष्टीची किंमतही मोजावी लागते, ती टॉल्किन यांनीही मोजली आहे आणि आपणही. टेंग्वार शिकणारे सुरुवातीला सतत अडखळतात ते याच कारणाने: प चे आणि क्व चे अक्षर म्हणजे रोमन पी आणि क्यू यांच्यासारखी आरशातली जोडी. वाचणारा डोळा अवयव मोजत बसत नाही. तो शब्दाची एकूण बाह्यरेषा पकडतो. सगळी अक्षरे सारख्या अवयवांची झाली की बाह्यरेषा सपाट होते. आपले र आणि ल तर निव्वळ आरशातले आहेत, आणि आपल्याच नियमानुसार अक्षराच्या शेवटी येऊ शकणाऱ्या पाच व्यंजनांत र आहे. म्हणजे तो पानोपानी येणार. निदान ही जोडी तरी फोडाच.

कोरियाच्या हंगुल लिपीचा दाखला आपल्याला उपयोगी पडेल. राजा सेजोंग यांनी ती १४४३ मध्ये सिद्ध केली आणि १४४६ मध्ये जाहीर केली, तेव्हा तिच्यात १७ व्यंजने आणि ११ स्वर अशी २८ अक्षरे होती. व्यंजनांचे मूळ आकार उच्चारावयवांवरून घेतलेले: जिभेच्या मुळाने घसा अडवला की क-ग चा आकार, जिभेचे टोक टाळूला लागले की न चा, तोंडाचा चौकोन म्हणजे म, गळ्याचे वर्तुळ, आणि उच्चार जोरकस झाला की एक रेघ अधिक. मात्र पहिल्या ग्रंथातली ही अक्षरे सारख्या जाडीच्या, भूमितीच्या रेघांची आहेत आणि स्वरांमध्ये खरोखरीची गोल टिंबे आहेत. कुंचल्याने रोजचे लिखाण सुरू झाले आणि रेघेला चिकटलेली ती टिंबे लवकरच छोट्या रेघा झाली, कारण कुंचला भरधाव चालत असताना नीट गोल टिंब द्यायला कोणाला सवड असते? आपले ब, द, ग यांतले टिंब याच वाटेने जाईल.

एक शंका मात्र विचारतो. अ अंगभूत का? देवनागरीत तो आहे, कारण संस्कृतात अ हा सर्वाधिक येणारा स्वर आहे. आपल्या भाषेत तसे आहे का? ६४० शब्द मोजायला एक संध्याकाळ पुरेल. आणि शेवटी येणारी पाचच व्यंजने असतील तर प्रत्येक वेळी पाय मोडण्याचा खटाटोप कशासाठी? आपला अनुस्वार पाहा: ‘गंगा’, ‘पंत’, ‘कुंभ’ या तीन शब्दांत तो तीन वेगळ्या अनुनासिकांचे काम एका टिंबात करतो. सिक्कीममधल्या लेपचा लिपीत शेवटच्या व्यंजनांना छोट्या स्वतंत्र खुणाच आहेत. जुनी लेपचा हस्तलिखिते उभ्या ओळींत लिहीत. पुढे लिपी आडवी झाली तेव्हा अक्षरे नव्वद अंशांत वळली आणि त्या अंत्य खुणांची जागा आज विचित्र वाटते ती त्यामुळे. आपल्या लोकांनी कधी काळी उभे लेखन सोडून आडवे स्वीकारले, असे कथेत असेल, तर हा सांधा फार उपयोगाचा आहे.

लव्हाळे

दोघांचेही मनापासून आभार. शब्द मोजले. अ पेक्षा ए जवळजवळ दीडपट आहे. मी तीन वर्षे ए-प्रधान भाषा रचत होतो आणि लिपी मराठी डोक्याने बांधत होतो, हे मला कोणी तरी मोजायला सांगेपर्यंत कळले नाही.

पट्टीही कापली. घरात साल नव्हती, म्हणून जुन्या पुठ्ठ्याच्या दोन बोटे रुंदीच्या पट्ट्या केल्या. उभे लिहिताना क लगेच पुढच्या अक्षराला जाऊन मिळतो, ही गोष्ट पाहून आनंद झाला. पण त ची उजवीकडची रेघ पट्टीच्या कडेबाहेर जाऊ पाहते. तिचे काय करावे?

रुमाल

मी मोडी कागदपत्रे वाचतो. अक्षरकला हा माझा प्रांत नाही. तरीही त च्या रेघेविषयी सांगण्यासारखे आहे.

ती रेघ कोठे जायला पाहते हे आपण ठरवू नका, वेगाला ठरवू द्या. मोडी ही या बाबतीत मोठी शाळा आहे. बाळबोध, म्हणजे देवनागरी, लिहिताना आपण अक्षरे काढून मग डोक्यावर रेघ देतो. मोडीत लेखक आधी पानभर आडव्या रेघा आखून घेई आणि मग प्रत्येक रेघेखाली अक्षरांची ओळ हात शक्य तितका कमी उचलत पळवीत नेई. बाळबोधात स्वतंत्रपणे वरून खाली उतरणारा काना मोडीत अनेक अक्षरांच्या शेवटातूनच वर वळून निघतो. वेलांटी आणि उकार अक्षराला असे चिकटतात की नवशिक्याला ते निराळे काढून दाखवता येत नाहीत. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सहसा पाळलेला नसतो, कारण घाईत लिहिणाऱ्याला आणि मजकूर ठाऊक असलेल्या वाचणाऱ्याला त्याची गरज नव्हती. काही अक्षरे एकमेकांच्या इतकी जवळ येतात की वाचक शब्दावरून, मायन्यावरून आणि हिशेबाच्या संदर्भावरूनच ती ओळखतो. हे दोष म्हणून सांगत नाही. हजारो कारकुनांच्या हातांनी ज्या ठिकाणी श्रम वाचवले, त्या सगळ्या ठिकाणांचा तो नकाशा आहे. म्हणूनच बहामनीकालीन, शिवकालीन, पेशवेकालीन आणि आंग्लकालीन अशी वळणे ओळखता येतात आणि तारीख फाटून गेलेल्या कागदाचाही काळ अंदाजाने सांगता येतो.

आपण एक काम करा. त हे अक्षर दोनशे वेळा लिहा. पहिली पन्नास कित्ता गिरवल्यासारखी, पुढची पन्नास साधारण गतीने, आणि शेवटची शंभर घड्याळ लावून, मनगट दुखेपर्यंत. मग पहिले आणि दोनशेवे शेजारी ठेवा. शेवटचे जे आहे ते त्या लोकांच्या कारकुनाचे त. पहिले आहे ते त्यांच्या देवळावरचे त. दोन्ही जपून ठेवा, कारण खऱ्या लिप्यांत दोन्ही एकाच वेळी नांदतात. पंडित रघुनाथ मुर्मू यांनी १९२५ मध्ये संथाळी भाषेसाठी घडवलेल्या ओल चिकी लिपीलाही ‘छापा’ म्हणजे छपाईचे आणि ‘उसारा’ म्हणजे धावते अशी दोन रूपे आहेत. हे सुट्ट्या अक्षराचे झाले. नंतर हेच एखाद्या पूर्ण शब्दावर करा, कारण हाताचे खरे गुण दोन अक्षरांच्या मधल्या जागेत दिसतात.

उलटा टाक

आतापर्यंतची चर्चा वाचून एक विरोधी मत नोंदवावेसे वाटते. प्रत्येक काल्पनिक लिपीने कारकुनांच्या पिढ्यांचे सोंग आणावेच का?

बाराव्या शतकात हिल्डेगार्ड या जर्मन मठकन्येने आपल्या ‘अज्ञात भाषे’साठी २३ ‘अज्ञात अक्षरे’ रचली. त्यांना कोणताही इतिहास नव्हता आणि तिला तो नकोच होता. तिबेटी फाग्सपा लामाने मंगोल सम्राट कुब्लाई खानाच्या आज्ञेवरून घडवलेली चौकोनी लिपी १२६९ मध्ये साम्राज्यातल्या सर्व भाषांसाठी जाहीर झाली. रोजच्या लेखनात ती रुजली नाही, पण मुद्रांवर आणि शिलालेखांवर तिचा ताठ चौकोनीपणाच शोभून दिसतो. चिनी कलावंत शू बिंग यांनी १९८७ पासून काही वर्षे खपून सुमारे ४,००० निरर्थक चिनी अक्षरे लाकडात कोरली आणि छापली. त्यांतले एकही अक्षर वाचता येत नाही, तरी चिनी वाचकाला ती क्षणभर खरी वाटतात. त्यांना कोणी झिजवलेले नाही. त्यांच्यात रेघा आणि घटक कोठे आणि कसे बसतात याची शिस्त तेवढी पाळली आहे.

लव्हाळे यांच्या अर्ध्या पानाचा दोष मला वेगळ्या ठिकाणी दिसतो. सोळापैकी सहा अक्षरांत पूर्ण वर्तुळ आणि तिघांत अर्धे. फ, स, ह यांचाही पाया वर्तुळच असेल तर आकडा आणखी वाढतो. पान म्हणजे मण्यांची माळ झाली असणार. हा दोष झिजवून जाणार नाही, कारण झिजलेले मणीही मणीच राहतात. मी असतो तर वर्तुळाची मक्तेदारी फक्त त-वर्गाला दिली असती, प-वर्गाला उघडा कमान-आकार आणि क-वर्गाला सरळ दंड, आणि सुंदरतेचा निर्णय टाकाआधी घेतला असता.

बोरूबहाद्दर

मण्यांच्या माळेचे निरीक्षण अचूक आहे. ते माझ्या नजरेतून सुटले, कारण मी एकेक अक्षर काढून पाहत होतो, पान लिहीत नव्हतो. परंतु शू बिंग यांचा दाखला आपल्या मताला तितकासा साथ देत नाही. ती अक्षरे खरी वाटतात, कारण त्यांची प्रत्येक रेघ कुंचल्याने शतकानुशतके घडवलेली, तयार मिळालेली आहे. लव्हाळे यांच्यापाशी ती शिदोरी नाही. ती त्यांना स्वतःच जमवायची आहे. वर्ग तीन आकारांत वाटण्याची सूचना मात्र मी स्वतः करून पाहणार आहे.

खिळा

तांत्रिक बाजूने थोडक्यात लिहितो, कारण पुढेमागे संगणकावर ही लिपी टंकित करावीशी वाटेलच.

काल्पनिक भाषांच्या लिप्यांना युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या जागतिक यादीत, जागा मिळणे अवघड असते. ‘स्टार ट्रेक’ मालिकेतल्या क्लिंगॉन लिपीचा प्रस्ताव २००१ मध्ये फेटाळला गेला. तुलनेसाठी सांगायचे तर खुद्द मोडीला जागा मिळाली ती २०१४ च्या ७.० आवृत्तीत. आपण खाजगी वापरासाठी राखून ठेवलेला विभाग वापरावा. मूळ विभागातच ६,४०० जागा आहेत, सोळा व्यंजनांना त्या उदंड होतील. मात्र त्या विभागातल्या अक्षरांना देवनागरीसारखी वेलांटी आपोआप आधी नेण्याची सोय मिळत नाही. जोडणी, बदली रूपे आणि स्वरखुणांच्या जागा हे सारे फाँटच्या आतल्या नियमांत आपल्यालाच लिहावे लागेल. उभ्या लेखनाला पाठिंबा सर्वत्र सारखा मिळत नाही. सोपा मार्ग म्हणजे अक्षरे फाँटमध्ये आडवी निजवून ठेवावीत आणि छापताना पान फिरवावे.

घाई मात्र करू नका. सिक्वोया यांनी १८२१ च्या सुमारास अमेरिकेतल्या मूळनिवासी चेरोकी लोकांच्या भाषेसाठी लिपी पूर्ण केली तेव्हा तिची हस्तलिखित रूपे बरीच वेलबुट्टीची होती. १८२८ मध्ये त्या भाषेतले वृत्तपत्र निघाले, त्यासाठी खिळे ओतताना ती रूपे सुटसुटीत आणि रोमन अक्षरांच्या जवळ गेली, आणि आज जगाला ठाऊक आहे ती छापील चेरोकी. फाँट एकदा केला की आपणही हाताने लिहिणे सोडून देऊ आणि त्या फाँटचीच नक्कल करू लागू, असा माझा स्वतःचा अनुभव आहे. निदान तीन-चार वह्या भरेपर्यंत संगणकाला हात लावू नये.

लव्हाळे

दहा दिवसांनी लिहीत आहे. एक वही भरली आहे.

अंगभूत स्वर आता ए आहे. लेखन उभे आहे, इ आणि अ यांच्या खुणा उजवीकडे, उ आणि ओ यांच्या डावीकडे. काप देवनागरीसारखाच ठेवला, कारण दुसरा माझ्या हाताला वळत नाही. शेवटच्या म, न आणि ङ यांना मिळून एकच छोटा आकडा दिला आहे. तिथे कोणते अनुनासिक आहे ते पुढच्या व्यंजनावरून कळते, आणि शब्दाच्या शेवटी तो ‘न’ असा वाचायचा. म आणि ङ शब्दान्ती आले तर ते पूर्ण लिहायचे. र आणि ल यांची जोडी फोडली: ल ची नागमोड तशीच आहे, र आता एकाच झटक्यात खाली येणारी, मध्ये कंबर मोडलेली रेघ आहे.

उलटा टाक यांच्या सूचनेप्रमाणे वर्तुळ फक्त त-वर्गाला ठेवले. दोनशे वेळा लिहिण्याचा उद्योगही केला. ब मधले टिंब सत्तराव्या वेळेच्या आसपास तिरकी रेघ झाले आणि दीडशेच्या पुढे ती रेघ कमानीच्या शेवटाला जाऊन चिकटली, त्यामुळे ब आता आत वळलेल्या शेपटीसारखा दिसतो. द मध्ये तेच घडले आणि वर्तुळाचा शंख झाला. मला तो सगळ्या लिपीत सर्वांत आवडला. त ची उजवीकडची रेघ पट्टीची कड टाळण्यासाठी खाली झुकली, इतकी झुकली की घाईत लिहिलेला त आणि क-वर्गाचा सरळ दंड यांत मीच दोनदा फसलो. म्हणून क च्या डोक्यावर डावीकडे एक छोटी ठोकर दिली आहे. देवळावरच्या रूपात मात्र त ची रेघ जुन्या पद्धतीने सरळ उजवीकडेच जाईल. तिथे पट्टी नाही, दगड आहे.

‘मेरान’ म्हणजे त्यांच्या भाषेत भरतीचे पाणी. म, त्यातला ए न लिहिता आलेला, मग र, त्याच्या उजवीकडे अ ची खूण आणि खाली शेवटचा आकडा. म पासून र पर्यंत हात उचलावा लागत नाही. अ च्या खुणेसाठी उचलावा लागतो आणि मग आकड्यासाठी परत रेघेवर यावे लागते. खूण शेवटी द्यावी की वाटेत, हे अजून ठरलेले नाही. वहीच्या पहिल्या निम्म्या भागात मी ती वाटेत दिली आहे आणि नंतर नकळत शेवटी देऊ लागलो आहे.